तुझ्या गावापुरती जागा

नालवाडी, वर्धा
मंगळवार, सकाळ

प्रिय आचल,

तू फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. संध्याकाळी तुझ्या आईचा, सुलोचनाबाईंचा, फोन येतो. ‘आज जेवली’, ‘आज अंगणात बसली होती’ असं काहीतरी सांगतात, तेवढ्यावर मी दुसरा दिवस ढकलते. पण एका जागी बसवत नाही बघ. मघाशी कूलरमध्ये पाणी सोडलं आणि उगाच गेटपर्यंत गेले, तिथून परसात, परसातून पुन्हा गेटपर्यंत. तोवर कूलर भरून पाणी बैठकीत आलं. तुझे सासरे पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. म्हणाले, “अवं, बस न घडीभर. पोरगी नाचणगावले गेली, लंडनले नाई गेली.” नानांना काय सांगू? नाचणगाव जवळ आहे हे मलाही कळतं. हे पत्रसुद्धा मी एका बैठकीत लिहीत नाहीये. चार ओळी झाल्या की उठते, दूध पाहते, परत येते. अक्षर कुठं मोठं, कुठं बारीक दिसलं तर समजून घे.

तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मला वाटलं, आईकडे चार दिवस राहून येशील, बरंच आहे. जानेवारीपासून तू घराबाहेर पडलीच नव्हतीस. मी ज्वारीच्या पापड्या बांधून दिल्या, तू घेतल्यास, पाया पडलीस आणि ऑटोत बसलीस. साकेत न्हाणीघरात होता. डोकं पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “गेली?” त्याने ते ज्या आवाजात विचारलं, तो ऐकून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. पण तेव्हा तो काही बोलला नाही. ऑफिसला गेला, आला, जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी त्याच्या ताटात भाकरी वाढायचीच थांबवली आणि म्हटलं, आधी सांग. तर खाली पाहत म्हणतो, “तिच्या गेमच्या मशीनमधली जागा भरली होती. मले माहा नवा फुटबॉलचा गेम टाकायचा होता. म्हणून तिचा एक काढला.” मी विचारलं, तिला विचारलं होतंस? “नाई.”

खरं सांगते, आधी मला हसू आलं. गेम काढला म्हणून कोणी माहेरी जातं का? मग त्याने कोणता काढला ते सांगितलं आणि माझं हसू जिरलं. तो नदीकाठच्या गावाचा.

ते गाव मी पाहिलं होतं ना गं. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं, साकेतने टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला, तेव्हा तू ते वसवायला घेतलंस. मी लिंबाचं सरबत घेऊन यायचे आणि तुझ्या उशाशी उभी राहायचे. तू सांगायचीस, आई, आज घाट बांधला, आज पाणचक्की लावली. मी विचारलं होतं, तुझ्या गावात कापूस होतो का, आणि तू पोट धरून हसली होतीस, म्हणालीस, आई, मला हसवू नका, डॉक्टर रागावतील. नंतर पडून राहायची गरज उरली नाही, तरी तू रोज तेच गाव लावायचीस. मी सरबत आणायचे. तू काही सांगायची नाहीस, मी काही विचारायचे नाही.

आणि मशीन तर तुझं. नागपूरच्या नोकरीत स्वतः कमावून घेतलेलं. पाठवणीच्या गाडीत तू ते खोकं कुणाच्या हाती दिलं नाहीस, तेव्हा शेजारच्या शोभाबाई माझ्या कानात म्हणाल्या होत्या, सून दागिने भरून आणून राह्यली वाटते. त्या मशीनमधलं तुझंच गाव त्याने तुला न विचारता काढावं! मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. नाना उठून अंगणात गेले, एवढं सांगते.

बोलून झाल्यावर मी विचारलं, आता ते परत येतं का? त्याला धड माहीत नव्हतं. म्हणून मी शोभाबाईंच्या ऋचाला बोलावलं. ती कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करते, तुझ्याशी खेळायला यायची, तिला त्यातलं कळतं. ती म्हणाली, काकू, गेम काढला तरी खेळणाऱ्याने जे केलेलं असतं ते मशीन वेगळं जपून ठेवतं. साकेतदादाने तेही पुसलं नसेल तर वहिनीचं गाव आतच असेल. साकेत कपाळाला हात लावून बसला, कारण आपण नेमकं काय काय दाबलं हे त्याला आठवेना. खात्री करायची तर गेम पुन्हा आत घ्यायला हवा, आणि त्याला जागा नाही. तो लगेच म्हणाला, “मी माहा फुटबॉल काढतो.” मी म्हटलं, खबरदार. एक तर तुझ्या हाताचा मला भरवसा राहिलेला नाही, पुन्हा भलतंच पुसशील. आणि दुसरं म्हणजे, एकाचं काढून दुसऱ्याचं ठेवल्याने भांडण मिटत नाही, फक्त पाळी बदलते. नवी जागा आणू. जुन्याला हात लावायचा नाही.

तर नवी जागा म्हणजे एक पट्टी असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुला हे सगळं माहीत असणार, पण मला सांगू दे, नाहीतर हा आठवडा मी कशी फिरत होते ते तुला कळणार नाही. बोटाएवढी लांब, हिरवी नाहीतर काळी, तिला एसएसडी म्हणतात. साकेत म्हणाला, मी रविवारी आणतो. मला रविवारपर्यंत धीर नव्हता. मी छत्री घेतली, ऑटो केला आणि वर्ध्यात हिरालालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. हिरालाल शाळेत माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या एका मुलीचा भाऊ, तेवढी ओळख. म्हटलं, खेळाच्या मशीनमध्ये बसते ती पट्टी दे. त्याने दिली. “हे सगळ्यात चालते, काकू.”

साकेतने मशीनचं झाकण सरकवलं, आतला स्क्रू काढला, पट्टी बसली. अगदी मापात बसली. मी देवापुढे साखर ठेवायला निघाले, तर मशीनला पट्टी दिसेचना. बंद केलं, चालू केलं, काढली, पुन्हा लावली. काही नाही. ऋचाने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, काकू, ही दुसऱ्या जातीची. बाहेरून सारखीच, पण बोलायची पद्धत वेगळी, या मशीनला ती कळत नाही. हिच्या टोकाला दोन खाचा आहेत बघा, आपल्याला एका खाचेची पाहिजे. जन्मभर मी मुलींना काजाची खाच नीट कापायला शिकवलं आणि मला दोन खाचा दिसल्या नाहीत! ऋचाने मग कायकाय हवं ते समजावलं. एनव्हीएमई जातीची, चौथ्या पिढीची, म्हणजे वेगात कमी पडत नाही, आणि वर उष्णता ओढून घेणारा धातूचा पत्रा. त्याला हीटसिंक म्हणतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तो हवाच, म्हणाली.

मी परत गेले. हिरालाल कुरकुरला, पण पट्टी बदलून दिली. “घ्या काकू, आता सगळ्यात भारी हीटसिंकवाली देतो. मशीन थंडगार राहीन.” ही दिसायला छान होती, वर उभी पाती, किसणीसारखी. घरी आणली, बसली, आणि आतलं झाकण लागेना. पाती वर येत होती. साकेत म्हणाला, राहू दे, झाकणाविनाच चालवू. मी म्हटलं, तिचं मशीन आहे, उघडं टाकायचं नाही. मग आम्ही नीट वाचलं तेव्हा कळलं, पट्टी आणि पत्रा मिळून सव्वाअकरा मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. मी माझी शिवणाची टेप काढली, जाड पुठ्ठ्याचा तेवढ्या उंचीचा तुकडा कापला, खाचेत ठेवून झाकण लावून पाहिलं. लागलं. हेच मी आधी केलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. पण तू गेल्यापासून मी कुठलीच गोष्ट धड क्रमाने करत नाहीये. भाजीत मीठ दोनदा पडतं.

तिसऱ्या वेळी साकेतने अर्धी रजा टाकली आणि मला स्कूटरवर मागे बसवून नेलं. बुटक्या पत्र्याची पट्टी हिरालालने नागपूरहून मागवून ठेवली होती. माझा पुठ्ठा त्याच्या काउंटरवर ठेवून आम्ही उंची ताडून पाहिली, खाच एकच आहे ना ते मी स्वतः पाहिलं. येताना ऊन इतकं होतं की रसवंतीवर थांबलो. चरकाचा आवाज चालू होता, शेजारी कोणी नव्हतं. साकेतने पेला हातात धरून ठेवला होता, पीत नव्हता. मी म्हटलं, पी, बर्फ विरघळतोय. तर म्हणाला, “आई, जागा भरली होती हे खोटं नाई. पण दुसरेही गेम होते. मी तोच काऊन काढला, ते मले माहीत आहे.”

आचल, मी त्याला टोकलं नाही. तो चरकाकडे पाहत बोलत होता. म्हणाला, “ती दिवसभर त्या गावात राहायची. मी ऑफिसातून आलो तरी मान वर नाई करायची. मले वाटायचं, हे नाई राह्यलं तर ती उठन. बाहेर पडन. माह्याशी भांडन तरी.” मग म्हणाला, “तिले वाटते, मले काईच नाई झालं. मी जेवतो, ऑफिसात जातो, पोरांसंग फुटबॉल खेळतो. आई, मी घरी बसलो असतो तर दोघंही बुडलो असतो न.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रसवाला ‘अजून देऊ का’ म्हणून विचारायला आला आणि तसाच मागे फिरला.

मी हे तुला त्याची वकिली म्हणून सांगत नाही. त्याने केलं ते चूकच. पण जानेवारीत आपण तिघं दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलो, त्यानंतर या घरात कोणीच त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. तू गावात गेलीस, तो ऑफिसात, नाना पेपरात. त्याबद्दलचा पहिला शब्द मी त्या रसवंतीवर ऐकला.

घरी येऊन पट्टी बसवली. झाकण लागलं. मशीन चालू केलं आणि पडद्यावर इंग्रजीत आलं की ही जागा वापरण्याआधी फॉरमॅट करा. साकेतने हात मागे घेतला. फॉरमॅट म्हणजे सगळं कोरं करणं, एवढं मलाही माहीत आहे. काय कोरं होणार? नवी पट्टी की सगळं मशीन? त्यातच तुझं गाव असलं तर? ऋचाची परीक्षा होती, फोन बंद. नाना चष्मा लावून पडद्याजवळ जाऊन दोनदा वाचून आले आणि म्हणाले, “थांबा. घाई नका करू.” ती दुपार कशी गेली विचारू नकोस. मी गेटवर, साकेत ओट्यावर, आणि आत तो पडदा तसाच उजळलेला. कोणी त्याच्या समोरून जायला तयार नाही. ऋचा आली ती सॅक पाठीवर घेऊनच आत शिरली, एक नजर टाकली आणि म्हणाली, काकू, हे फक्त नव्या पट्टीचं विचारून राह्यलं, जुन्यातलं काही जात नाही. तरी साकेतचं बोट पुढे होईना. शेवटी बटण मी दाबलं.

मग गेम उतरवून घ्यायचा होता. नेट मुंगीच्या चालीने, त्यात लाइट गेली. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याशी उभं राहावं तसा मी टक्का पाहत राहिले. काल सकाळी तो पूर्ण झाला. साकेतने मला विचारलं, तिच्या नावाने उघडू का? तुला विचारायला हवं होतं, हे खरं. पण गाव आहे की गेलं हे कळल्याशिवाय तुला काय कळवणार? मी म्हटलं, उघड. फक्त बघ, काही बदलू नको.

गाव आहे, आचल. सगळं आहे. घाट, पाणचक्की, बोरीचं झाड, तुझी बकरीसुद्धा. फक्त सगळीकडचे कंदील विझलेले होते. ऋचा म्हणाली, या खेळात कंदील रोज आपल्या हाताने लावावे लागतात, वहिनी नव्हती म्हणून विझले. साकेत खेळातल्या तुझ्या त्या छोट्या बाईला हळूहळू चालवत वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथं एकटं घर होतं, माडीवर पिवळी खोली. खोलीचं दार तू विटांनी बांधून काढलेलं. पण बाहेरून खिडकीपर्यंत एक जिना होता आणि शेवटच्या पायरीवर कंदील. खिडकीतून आत एक छोटा पलंग दिसत होता, लहान मुलाच्या उंचीचा.

‘रोज तेच तेच काय करते’ असं साकेत मला पूर्वी म्हणाला होता. काल त्याने पाहिलं, तू काय करायचीस. त्याने त्या बाईला जिन्यावर कंदिलापाशी नेऊन उभं केलं. कोणतं बटण दाबायचं ते त्याला माहीत नव्हतं. ऋचा सांगायला पुढे झाली, तर म्हणाला, “नको सांगू.” मशीन बंद केलं, उंबऱ्यावर जाऊन बसला आणि रडला. जानेवारीत त्याने सह्या केल्या होत्या, औषधं आणली होती, मला पाणी पाजलं होतं, नातेवाइकांना एकेक करून फोन केले होते. तेव्हा तो रडला नव्हता. नानांनी पेपर बाजूला ठेवला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. मी ऋचाला घेऊन परसात गेले.

आता पत्र का, तेही सांगते, कारण तो आत-बाहेर करून राह्यला आणि मला चौथ्यांदा विचारून गेला, ‘झालं का?’ मी त्याला फोन कर म्हटलं होतं. तो म्हणाला, “ती उचलणार नाई, आणि उचलला तर माह्या तोंडून शब्द निघणार नाई.” म्हणून हे मी लिहितेय आणि घेऊन तोच येतोय. मशीन टॉवेलात गुंडाळून पिशवीत भरलंय. पत्र सुलोचनाबाईंच्या हाती देईल आणि बाहेर थांबेल. तुझं वाचून होईस्तोवर आत पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची नाही, असं मी त्याला बजावलं आहे. मशीन तुझं आहे, तुझ्यापाशीच ठेव, त्याचा परत येण्याशी काही संबंध लावू नकोस. ‘परत ये’ असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, हवं तर पुन्हा वाचून पाहा. पाणी देऊन त्याला तसाच परत पाठवलंस तरी तू माझीच राहशील. पण पाठवण्याआधी त्याला एक विचार. मुलगी होणार की मुलगा हे कोणालाच माहीत नव्हतं तेव्हाच त्याने मनात मुलीचं नाव ठरवलं होतं. तुलाही सांगितलं नव्हतं, बारशाच्या दिवशी सांगणार होता. रसवंतीवर त्याने ते मला सांगितलं. मी इथं लिहीत नाही. आपल्या मुलीचं नाव तुला तिच्या बापाच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी त्याला पाठवते आहे.

तुझीच,
नालवाडीची आई